गंगाजळी कशासाठी?

७ डिसेंबर जवळ आला, की आमच्या शाळेत सशस्त्र सेना ध्वजदिनाचे चिमुकले ध्वज येतात. मुले ते छातीवर मिरवितात आणि निधीचा डबा घेऊन घरोघरी फिरतात. गेल्या खेपेस एका पालकांनी आम्हांला फाटकापाशीच गाठले. "सर, या निधींत कोट्यवधी रुपये पडून असतात म्हणे. मग आमच्या दहा रुपयांची तिथे काय मातब्बरी?" त्या वेळी देशभक्तीची दोन वाक्ये बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुख्याध्यापकाला हे शोभले नाही. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर आज येथे देत आहोत.

युद्ध संपते, जखम संपत नाही. मुरलीकांत पेटकर हा आपल्या सांगली जिल्ह्यातला जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचा अपंग झाला. ते युद्ध काही आठवड्यांत थांबले. पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक जिंकले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे जखमेनंतरचे आयुष्य अर्ध्या शतकाहून मोठे ठरले. देणाऱ्याचे मन मात्र युद्धाच्या बातम्यांबरोबर हेलावते आणि त्यांच्याबरोबरच शांत होते. चार दिवसांच्या उमाळ्यातून पन्नास वर्षांची शुश्रूषा चालवायची, तर बेगमी केलीच पाहिजे.

आपल्याकडे ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो. पुढे १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून आजचा ध्वजदिन निधी उभा राहिला. त्याची मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून साहाय्य द्यायचे, अशी ही व्यवस्था आहे. मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांचा सांभाळ करणाऱ्या खडकी व मोहाली येथील केंद्रांनाही या निधीतून मदत जाते. तेव्हा जे 'पडून' दिसते, ते खरे पाहता राबत असते.

तरीही त्या पालकांची शंका निराधार नव्हती. अमेरिकेत २००३ साली जखमी सैनिकांसाठी निघालेल्या 'वूंडेड वॉरियर प्रोजेक्ट' या संस्थेचे उदाहरण पाहावे. गंभीर जखमींचा सांभाळ करणारे आईबाप वा पत्नी उद्या मागे राहिले नाहीत तर काय, या विचाराने तिने एक स्वतंत्र विश्वस्त निधी राखून ठेवला. राखीव पैशाचा याहून उचित उपयोग कोणता? परंतु याच संस्थेने २०१४ या एका वर्षात परिषदा व संमेलनांवर सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर खर्चिल्याचे वृत्त जानेवारी २०१६ मध्ये गाजले. त्यातील बहुतेक खर्च सैनिकांच्या कार्यक्रमांचाच होता, असे संस्थेचे म्हणणे होते. तथापि मार्चमध्ये नियामक मंडळाने दोघा सर्वोच्च अधिकाऱ्यांना दूर केले. देणग्या आटल्या आणि त्याच वर्षी नोकरकपात करून काही कार्यालये बंद करावी लागली. विश्वास उडाला, की भरली तिजोरीही अपुरी पडते.

इंग्लंडात यावर एक साधा उपाय आहे. गाठीशी किती रक्कम ठेवायची आणि ती कशासाठी, याविषयीचे आपले धोरण धर्मादाय संस्थेच्या विश्वस्तांनी वार्षिक अहवालात मांडायचे असते. आमच्या मते दात्यानेही हेच विचारावे. राखीव रक्कम किती? ती कोणासाठी? ती केव्हा काढणार? या तीन प्रश्नांना सरळ उत्तर देणारी संस्था श्रीमंत असली, तरी आमची हरकत नाही.

मराठी घरांत 'गंगाजळी' या शब्दाचे दोन अर्थ नांदतात. एक म्हणजे राखून ठेवलेला पैसा आणि दुसरा म्हणजे देवघरातला गंगोदकाचा बंद गडू. तो गडू रोजच्या तहानेसाठी कोणी फोडीत नाही. पण घरातल्या माणसाची अखेरची घटका आली असताही जो फोडला जात नाही, तो असून नसल्यासारखाच.

येत्या ध्वजदिनी ते पालक पुन्हा भेटतील. त्यांना आम्ही एवढेच सांगू, की आपले दहा रुपये आजच्या जखमेसाठी आहेत, तसेच पन्नास वर्षांनंतरच्या तिच्या वेदनेसाठीही आहेत. ते अवश्य द्या, आणि दिल्यावर हिशेबही अवश्य विचारा.