हिफ्जची वर्षं आणि सहावीचं गणित

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती विठ्ठलवाडीला. विठ्ठलवाडी-कल्याणपासून भिवंडी-मुंब्र्यापर्यंतच्या पट्ट्यात अनेक मुस्लिम घरांतल्या मुलांचा दिवस दोन ठिकाणी वाटलेला असतो. एका वेळेला शाळा, दुसऱ्या वेळेला मकतब, म्हणजे प्राथमिक धर्मशिक्षणाचा वर्ग. मकतबात 'नूरानी कायदा' या अक्षरओळखीच्या पुस्तकापासून सुरुवात होते, मग नाजरा, म्हणजे कुराण बघून वाचणं. हे शिक्षण तास-दोन तासांचं असतं आणि शाळेच्या आड फारसं येत नाही.

खरी ओढाताण सुरू होते ती हिफ्जपाशी. कुराणाचे तीस पारे, म्हणजे भाग, अक्षरन् अक्षर तोंडपाठ करायचे, उच्चारात तसूभर चूक चालायची नाही. पहाटे नमाजनंतर नवा 'सबक' उस्तादांना म्हणून दाखवायचा. मग गेल्या काही दिवसांची 'सबकी', आणि त्यानंतर जुन्या पाऱ्यांची उजळणी, म्हणजे 'मंजिल'. मूल समोर रेहल (कुराण ठेवायची घडी) ठेवून, डोलत म्हणत राहतं; अडखळलं की तिथूनच पुन्हा. चार दिवस खंड पडला तर मागचं निसटू लागतं. त्यामुळे हे काम दिवसभराचं होतं आणि साधारण तीन-चार वर्षं चालतं. ते बहुतेक वेळा सुरू होतं दहाव्या वर्षाच्या आसपास. पाचवी ते आठवीची वर्षं नेमकी तीच.

या वर्षांत शाळेत काय चाललेलं असतं? आपल्या राज्याच्या सहावीच्या गणितात पूर्णांक संख्या येतात, समीकरणं येतात, शेकडेवारी, नफा-तोटा, सरळव्याज येतं. हे हुकलं की नववीचं बीजगणित कळणं अवघड. मराठीचंही तसंच. २०२०च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची केली, पण जो मुलगा त्या वर्षांत वर्गातच नव्हता त्याला ती कोण शिकवणार? पुढे पोलीस भरतीच्या किंवा तलाठ्याच्या परीक्षेला बसताना हीच उणीव त्याची वाट अडवते.

धर्म आणि शाळा एकत्र नांदू शकतात का, हा प्रश्न महाराष्ट्रात निकालात निघाला त्याला सुमारे दीडशे वर्षं झाली. बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी, कोकणी मुस्लिम समाजातले नाखुदा मोहम्मद अली रोगे आणि त्यांच्या सोबत्यांनी १८७४मध्ये मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. १८८०मध्ये तिची शाळा सुरू झाली. इंग्रजी शिकलं की दीन, म्हणजे धर्म, सुटेल, ही धास्ती तेव्हा समाजात खोलवर होती. ती न जुमानता ही मंडळी पुढे गेली. सीएसएमटीसमोरची १८९३ची देखणी इमारत आजही त्याच शाळेची आहे. स्वतः तय्यबजी १८८७मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

सरकारला मात्र या प्रश्नाची नस अजून सापडलेली नाही. जुलै २०१५मध्ये राज्याने ठरवलं की गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं न शिकवणाऱ्या मदरशांतली मुलं 'शाळाबाह्य' धरायची. मुलं वर्गाबाहेर आहेत ही चिंता रास्त होती, पण पहाटेपासून अभ्यासाला बसलेल्या मुलावर असा शिक्का मारल्याने आईबाप दुखावले आणि संवादाची दारं मिटली. ऑक्टोबर २०२४चा निर्णय अधिक समंजस म्हणावा लागेल. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनेत डी.एड. शिक्षकांचं मानधन सहा हजारांवरून सोळा हजार आणि बी.एड. शिक्षकांचं आठ हजारांवरून अठरा हजार झालं. तरी दिवसभर पाठांतर करून दमलेल्या मुलासमोर संध्याकाळी तासभर गणिताचे मास्तर उभे केले, तर त्याच्या पदरात फार काही पडत नाही. गणिताला सकाळची ताजी वेळ द्यावी लागेल, आणि त्यासाठी हिफ्ज तीनऐवजी पाच वर्षांत पूर्ण होणार असेल तर तेही मान्य करावं लागेल. यात दीनाची हानी कुठेच नाही.

सीमाभागातल्या बीदरने वेगळी वाट काढली आहे. डॉ. अब्दुल कदीर यांनी १९८९मध्ये अठरा मुलांवर सुरू केलेल्या शाहीन संस्थेत, शाळेत फारसं न गेलेल्या हाफिज, म्हणजे हिफ्ज पूर्ण केलेल्या, मुलांना काही महिने फक्त भाषा आणि गणिताचा पाया पक्का करून देतात. मग दहावी, पुढे विज्ञान शाखा. अशा मुलांपैकी काहींनी 'नीट' देऊन मेडिकलला प्रवेश मिळवला आहे. पाठांतराने कमावलेली चिकाटी तिथे कामी येते, हे उघड आहे. पण बीदरला जाऊन राहणं किती जणांना झेपणार?

ते इथेच व्हायला हवं, आणि त्यासाठी नवा कायदाही नको. शिक्षण हक्क कायद्याचं चौथं कलम सांगतं की शिक्षण अर्धवट सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश द्यायचा, मागे पडलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं, आणि चौदा वर्षं उलटली तरी आठवी होईपर्यंत मोफत शिकवायचं. कल्याण-डोंबिवली महापालिका उर्दू शाळा चालवते. तेराव्या वर्षी हाफिज झालेला मुलगा दारात आला, तर या शाळांनी त्याला दाखला नाही म्हणून परत पाठवता कामा नये. जूनआधी महापालिकेच्या शिक्षण विभागाने वस्तीतल्या मदरशांत माणूस धाडून अशा मुलांची यादी करावी, आणि मशिदींच्या विश्वस्तांनी ती करायला मदत करावी.