प्रोटीन तुम्ही खा, माशांना सोडा

जिम लावल्यापासून आपल्या पिढीला डब्यावरचा एकच आकडा वाचता येतो: प्रोटीन किती टक्के. शरीर तुमचं आहे, काय हवं ते करा. पण हल्ली फिशटँकचं खाद्यही त्याच हिशोबाने घेतलं जातं. "४५ टक्केवालं दे ना." आणि टँकमध्ये कोण, तर दोन-तीन इंचांचे सिक्लिड!

सिक्लिड म्हणजे कुणी परके पाहुणे नाहीत. उजनीची चिलापी सिक्लिडच. गोव्यातलं कळुंदर, म्हणजे केरळचं करीमीन, तेही सिक्लिड. आता गंमत बघा. करीमीन मुख्यतः शेवाळ आणि पाण्यातला पालापाचोळा खातो, आणि त्याचाच छोटा भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड संधी मिळाली की करीमीनची अंडी-पिल्लं मटकावतो. खाडी एक, खानदान एक, ताट वेगळं. मग 'सिक्लिड फूड' असा एकच डबा सगळ्यांना कसा काय चालणार?

आहार आतड्यावरून ठरतो, लेबलवरून नाही. मलावी सरोवरातले म्बुना दगडावरचं शेवाळ खरवडून जगतात, त्यांचं आतडं लांबलचक असतं. त्यांना कौतुकाने चिकन किंवा वाटलेलं काळीज चारलं, तर त्या चरबीचं करायचं काय हेच त्या आतड्याला कळत नाही. मासा खाणं सोडतो, पोट फुगतं आणि दोन-चार दिवसांत संपतो. या रोगाला इतरही कारणं आहेत, पण चुकीचं खाणं त्यातलं मोठं. म्बुनांना स्पिरुलिना घातलेलं खाद्य द्या, अधूनमधून उकडून सोललेला मटार. याउलट ओरिनोकोच्या खोऱ्यातला रामिरेझी तळाची वाळू तोंडात घोळवून बारीक किडे वेचतो. त्याला प्राणिज अन्न हवंच, पण त्याच्या तोंडात मावेल एवढं: बुडणारे बारीक दाणे, डॅफ्निया, ताजी फुटलेली आर्टेमिया. फ्लॉवरहॉर्नची गोळी त्याच्यापुढे टाकणं म्हणजे आपल्याला अख्खा भोपळा वाढण्यासारखं.

आता जरा जालन्याकडे येऊ, कारण इथे हा प्रश्न नुसता माशाचा राहत नाही. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. माशाने जे अंगाला लावलं नाही, ते कल्ल्यांतून अमोनिया होऊन पाण्यात येतं. न खाल्लेली गोळी तळाशी कुजते, तिचाही अमोनियाच. मग उपाय काय? पाणी बदला! दोन फुटी टँकमध्ये साधारण ५५ लिटर पाणी, त्याचा पाव भाग म्हणजे १४ लिटर. जास्त चारलंत की आठवड्यातून एकदा बदलायचं ते तीनदा बदला. ज्या शहराने २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरवर दिवस काढले, तिथे महागड्या प्रोटीनचा धूर करून (खरं तर अमोनिया करून) वर पाणी ओतायचं, ही कुठली हौस? (ते पाणी कुंडीत घाला, झाडं खूष होतात. पण म्हणून जास्त चारू नका.)

"अरे, पण तो मागतो ना!" मागणारच. सिक्लिड माणूस दिसला की काचेला येतो, आणि आपल्याला वाटतं भूक लागली. दोन वेळा, दीड-दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. मोठ्या माशांना आठवड्यातून एक दिवस उपास घडवा, काही बिघडत नाही.

एक अस्सल जालना-छाप सल्लाही मिळतो: २०१८ पासून इथे रेशीम कोषांचा बाजार आहे, तर कोषातल्या अळ्या वाळवून घाला, लोकल आणि स्वस्त. प्रोटीन भरपूर, मान्य. पण त्यात जवळपास पाव भाग चरबीच असते. चिलापीच्या तळ्यात इतर खाद्यात मिसळून ठीक आहे. रामिरेझीला कधीतरी चिमूटभर, म्बुनांना अजिबात नाही.

आणि ते प्लास्टिकच्या पुडीत बांधलेलं सुटं खाद्य घेऊ नका. मे महिन्यात दुकानातल्या उकाड्यात त्यातली चरबी खवट होते, क जीवनसत्त्व उडून जातं, आणि पुडीवर तारीख तर नसतेच. छोटा सीलबंद डबा घ्या, फ्रिजमध्ये ठेवा. मागे घटकांची यादी असते, ती आधी वाचा. पहिल्या नावाला मासा, झिंगा किंवा शेवाळ आहे की गव्हाचं पीठ, ते बघा. टक्के नंतर.