गल्फला निघालात? पासपोर्ट स्वतःकडे ठेवा

रत्नागिरी-रायगडच्या गावांत गल्फची नोकरी नवी नाही. कोणी मस्कतला, कोणी कुवेतला असतंच. तरी नवा मुलगा निघाला की बॅग भरायची जेवढी धांदल असते, तेवढी कागद तपासायची नसते. ती आधी करा.

एजंटचा परवाना सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाहा. सेवाशुल्क म्हणून त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेता येतो. लाखभर मागत असेल तर तिथूनच परत फिरा. ‘आता व्हिजिट व्हिसावर जा, नोकरीचं तिकडे बघू,’ असं कोणी म्हणालं तर मुळीच ऐकू नका. दहावी न झालेल्यांना गल्फमध्ये नोकरीला जाताना सरकारी मंजुरी लागते आणि त्यासोबत 10 लाखांचा विमा मिळतो. चोरवाटेने गेलात तर दोन्ही हुकतं.

तिथे उतरल्यावर ‘इकाम्यासाठी’, म्हणजे तिथे राहण्याच्या परवान्यासाठी, म्हणून पासपोर्ट मागतील. कामापुरता द्या, मग परत मागून घ्या. पासपोर्ट दाबून ठेवणं हे वेठबिगारीचं लक्षण आहे, असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटना मानते. वेठबिगारीविरुद्धचा तिचा 1930 चा करार गल्फच्या सहाही देशांनी मान्य केला आहे. कतारच्या 2015 च्या कायद्यातही मालकाला पासपोर्ट ठेवून घ्यायला बंदी आहे. कामगाराने स्वतः तसं लिहून दिलं तरच सूट. म्हणून ‘मीच ठेवायला दिला’ अशा कागदावर सही करू नका. न वाचता तर कशावरच नको.

पोलिसांनी धरलं तर ‘आमच्या एम्बसीला कळवा’ असं ठामपणे सांगा. 1963 च्या व्हिएन्ना करारानुसार तो तुमचा हक्क आहे. व्हिसा संपला म्हणून तो हक्क संपत नाही.

घरच्यांनी पासपोर्ट, व्हिसा आणि करारपत्राच्या झेरॉक्स जपून ठेवाव्यात. पगार थकला, माणसाचा फोन लागेना, तर एजंटच्या दारात हेलपाटे घालत बसू नका. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवा. तेव्हा हेच कागद कामी येतील.

आणखी एक. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांसाठी संयुक्त राष्ट्रांनी 1990 मध्ये स्वतंत्र करार केला. त्यावर ना गल्फच्या देशांनी मान्यतेची मोहोर उमटवली, ना भारताने. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला याचं कारण विचारा. परदेशातून येणाऱ्या पैशाचं कौतुक सगळेच करतात, तो कमावणाऱ्याची बाजू कोण घेतो तेही कळू द्या.