प्रमाणपत्रे मोजणे थांबवा, प्राध्यापकाच्या मदतीला माणूस द्या



‘प्राध्यापकांना तंत्रज्ञानाचे वावडे आहे’ अशा आशयाची पत्रे या आठवड्यात आपल्या दैनिकात वाचली. त्याच सुमारास आमच्या महाविद्यालयात नोटीस फिरली की, वर्षभरात केलेल्या एफडीपींच्या (प्राध्यापक प्रशिक्षण कार्यक्रमांच्या) प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स प्रती शनिवारपर्यंत आयक्यूएसीकडे, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाकडे, जमा कराव्यात. त्या प्रशिक्षणांमुळे वर्गात काय बदलले, हे नोटिशीत कुठेही विचारलेले नाही. तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवणारी प्राध्यापिका म्हणून मला या पत्रलेखकांना उत्तर द्यावेसे वाटते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, तेव्हा उच्च शिक्षणातील १५ लाख शिक्षक आणि १११ केंद्रे असे आकडे सांगितले गेले. भागाकार करून पाहा. एका केंद्राच्या वाट्याला साडेतेरा हजार शिक्षक येतात! इतक्या लोकांना हाताला धरून कोण शिकवणार? मग ऑनलाइन व्याख्यान, चॅटमध्ये हजेरी, शेवटी फीडबॅक फॉर्मची लिंक आणि ई-मेलवर प्रमाणपत्र, एवढ्यावरच सगळे आटोपते. १९८७ पासून उभ्या राहिलेल्या अकॅडमिक स्टाफ कॉलेजांत त्रुटी होत्या, पण तिथे तीन-चार आठवडे आम्ही एकत्र राहायचो. दुसऱ्या विद्यापीठातला प्राध्यापक हाच धडा कसा शिकवतो, हे जेवणाच्या पंगतीत कळायचे. आता स्क्रीनवर नावांचे चौकोन दिसतात, माणसे भेटत नाहीत.

मला नेमके काय हवे आहे, तेही सांगते. माझ्या वर्गातली मुले मराठी माध्यमातली आहेत. माझ्या वीस वर्षांच्या नोट्स आणि प्रश्नसंच जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेले आहेत. ते पोर्टलवर चढवले की अक्षरांचा काला होतो. हा मजकूर युनिकोडमध्ये कसा आणायचा, हे आजवरच्या एकाही प्रशिक्षणात कोणी सांगितले नाही. निर्देशांक शिकवताना महागाईचे खरे आकडे एक्सेलवर मुलांसमोर कसे मांडायचे, मराठीत रेकॉर्ड केलेला दहा मिनिटांचा पाठ कमी डेटात मुलांच्या मोबाइलवर कसा पोहोचवायचा, आणि आता प्रकल्पाची वहीच चॅटजीपीटीकडून लिहून आली तर तोंडी परीक्षेत कोणते प्रश्न विचारायचे, या माझ्या रोजच्या अडचणी आहेत. त्यांवर आम्हाला मिळाली ती ‘डिजिटल युगातील अध्यापन’ या विषयावरची इंग्रजी व्याख्याने. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत आला, तेव्हाही क्रेडिटचे तक्ते तेवढे समजावून दिले. नव्या विषयांचे वर्ग कसे घ्यायचे, हे ज्याचे त्याने शोधायचे.

यापेक्षा चांगले होऊ शकते, हे महाराष्ट्रातच दिसलेले आहे. आयआयटी मुंबईत प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने ‘टी-टेन-केटी’ हा दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा प्रकल्प राबवला गेला. व्याख्यान पवईहून थेट व्हायचे, पण ऐकणारे शिक्षक जवळच्या महाविद्यालयातल्या केंद्रावर एकत्र जमायचे. तिथला समन्वयक आधी आयआयटीत शिकून आलेला असायचा आणि प्रात्यक्षिके त्याच्या देखरेखीखाली व्हायची. संख्या मोठी असूनही अडलेल्याला विचारायला माणूस होता. हा लाभ मुख्यतः अभियांत्रिकीच्या शिक्षकांना मिळाला. कला आणि वाणिज्य शाखेच्या आमच्यासारख्यांना तशी सोय का नसावी? आयआयटी मुंबईच्याच ‘स्पोकन ट्युटोरियल’चे पाठ मराठीतही आहेत. ते किती महाविद्यालयांनी आपल्या प्राध्यापकांना दाखवले?

सध्याच्या व्यवस्थेत प्रशिक्षण स्थाननिश्चितीच्या, म्हणजे बढतीच्या, फाइलसाठी केले जाते आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी मोजले जाते. नॅकच्या निकषात किती शिक्षकांनी प्रशिक्षण घेतले याची टक्केवारी भरावी लागते, म्हणून संस्थेला टक्केवारीची काळजी असते. प्राध्यापकाला पुढच्या वेतनस्तराची काळजी असते, आणि त्यात त्याचा दोष नाही. या दोघांच्या व्यवहारात विद्यार्थी कुठेही येत नाही.

आणि ज्यांना स्थाननिश्चितीच नाही, त्यांचे काय? जागा वर्षानुवर्षे रिक्त असल्याने कितीतरी वर्ग तासिका तत्त्वावरील प्राध्यापक सांभाळतात. त्यांना कर्तव्यरजा मिळत नाही. प्रशिक्षणाला गेले तर तास बुडतो आणि त्या तासाचे पैसेही जातात. मानधन महिनोन् महिने रखडते, तरी मोबाइलचा डेटा ते स्वतःच्या खिशातून भरतात. नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या या तरुण सहकाऱ्यांना नवी साधने आमच्यापेक्षा लवकर जमतात. आमच्या विभागात स्मार्ट बोर्ड चालवायला आम्ही त्यांनाच बोलावतो. त्यांना शिकण्याची पगारी सवड द्यायची नाही आणि वर शिक्षणाचा दर्जा घसरला म्हणून ओरड करायची, हा उघड अन्याय आहे.

उच्च शिक्षण संचालनालयाने आणि विद्यापीठांनी येत्या सत्रापासून तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक तालुक्यातील एका महाविद्यालयात अध्यापन-तंत्रज्ञानाचा जाणकार पूर्णवेळ नेमावा. त्याने आसपासच्या महाविद्यालयांत फिरून प्रत्यक्ष वर्गात मदत करावी. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांना प्रशिक्षणाच्या दिवसांचे मानधन द्यावे. आणि आयक्यूएसीने प्रमाणपत्रासोबत त्या प्रशिक्षणानंतर घेतलेल्या एका तासाची नोंद मागावी. पालकांनाही माझी विनंती आहे. महाविद्यालयात प्रवेश घेताना स्मार्ट बोर्ड किती आहेत, हे विचारता तसे शिकवणाऱ्यांपैकी पूर्णवेळ किती आहेत आणि त्यांना शिकवण्याचे प्रशिक्षण कोण देते, हेही प्राचार्यांना विचारा.

– एक प्राध्यापिका, जि. सोलापूर