हार्नेस : घोड्याचा की शिपायाचा?

एका शब्दाला दोन अर्थ असले की त्यांचे सख्ख्या भावांसारखे होते. एक भाऊ गावभर मिरवतो, दुसऱ्याला पुढे कोणी ओळखतही नाही. इंग्रजीतल्या 'हार्नेस'ची हीच गत झाली आहे.

आज हार्नेस म्हटले की टांग्याच्या घोड्याचा साज डोळ्यांपुढे येतो. चामड्याचे पट्टे, वाद्या, लगाम. पण पाचशे वर्षांपूर्वी एखाद्या इंग्रज सरदाराने 'माझा हार्नेस आणा' असे फर्मावले, तर नोकर धावत चिलखत घेऊन येई! १६११ च्या इंग्रजी बायबलात अहाब राजाला बाण लागतो तो हार्नेसच्या सांध्यात, म्हणजे चिलखताच्या. शेवटच्या लढाईला निघालेल्या मॅक्बेथच्या तोंडीही शेक्सपिअरने याच अर्थाने हा शब्द घातला आहे. जर्मन भाषेत तर 'हार्निश' म्हणजे आजही चिलखतच.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला. त्याच्याही मागे, कोशकारांच्या मते, उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतला 'फौजेची शिदोरी' अशा अर्थाचा शब्द असावा. शिदोरीपासून सामान, सामानात शिपायाचे चिलखत आले आणि घोड्याचा साजही आला. आपल्या 'सरंजामा'चा प्रवास आठवा. फौज बाळगण्यासाठी सरदाराला मिळे तो मुलूखही सरंजाम आणि सत्यनारायणाच्या पूजेची तयारी तोही सरंजामच!

हे पुराण लावण्याचे कारण निराळेच आहे. नोकरीत असताना माणूस गेला, तर सरकारी इंग्रजीत तो 'हार्नेसमध्ये' गेला असे लिहितात. उत्तर प्रदेशाच्या १९७४ च्या नियमांच्या तर नावातच हे शब्द आहेत. आमच्या शेजारचा एक मुलगा वडिलांच्या पश्चात नोकरीसाठी अर्ज करीत होता. मसुद्यातला तो शब्द त्याने कोशात पाहिला आणि मला विचारले, "काका, माझे बाबा काय जुंपलेला घोडा होते?"

आजचा इंग्रज हा वाक्प्रचार वापरताना बहुधा जुंपलेले जनावरच मनात आणतो, हे खरे. पण मी त्याला दुसऱ्या भावाची ओळख करून दिली. म्हटले, "बाळ, रोज सकाळी डबा घेऊन आठ-छत्तीसची लोकल पकडणारा माणूस घरच्यांसाठीच लढत असतो. त्याच्या अंगावर चिलखत होते, असे समज." पोर काही बोलले नाही, पण तो शब्द त्याने खोडला नाही.

मराठीत अशा नेमणुकीला आपण 'अनुकंपा' म्हणतो. त्यात मागे राहिलेल्यांविषयी कणव आहे, पण गेलेल्याच्या कष्टांचा उल्लेख नाही. तेव्हा वाचकहो, असा अर्ज लिहून देण्याची पाळी तुमच्यावर आली, तर त्या माणसाने किती वर्षे आणि कोणते काम केले, ही एक ओळ आधी लिहा. दया मागण्याचा मजकूर त्याच्या खाली येऊ द्या.