अँटेना लपवू नका, लहान करा आणि उघड सांगा

पत्र्याच्या छपरातून रेडिओलहरी जवळजवळ जातच नाहीत. मालेगावातल्या मोबाइल नेटवर्कची चर्चा या साध्या गोष्टीपासून सुरू व्हायला हवी, आणि ती कधीच तिथून सुरू होत नाही. 2011 च्या जनगणनेनुसार पावणेपाच लाखांच्या घरात लोकसंख्या असलेल्या या शहराचा मोठा भाग यंत्रमागांवर जगतो. कारखान्यांवर पत्रे, भिंतीला भिंत लागून घरे, आणि जुन्या वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन सज्ज्यांमधून आकाशाची फक्त पट्टी दिसते. सुताचे भाव, कापडाच्या ऑर्डरी, मजुरी, मुलांचा अभ्यास, दवाखान्याचा नंबर हे सगळे आता फोनवर चालते. दूरच्या उंच टॉवरवरून निघालेली लहर अशा वस्तीत शिरता शिरताच दमते. त्यावर आजवर एकच उपाय होत आला: ज्याची इमारत उंच आणि ज्याची भाडे घेण्याची तयारी, त्याच्या गच्चीवर आणखी एक मनोरा. जागा ठरते ती घरमालक आणि कंपनी यांच्या करारातून. शेजाऱ्याला ती कळते, ती क्रेन गल्लीच्या तोंडाशी उभी राहिल्यावर.

मग ठरलेला क्रम सुरू होतो. निवेदन, मोर्चा, काम बंद पाडणे, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गल्लीत तोच खेळ. या वादात दोन उपाय नेहमी सुचवले जातात. पहिला, टॉवर वस्तीबाहेर हलवा. दुसरा अलीकडचा आणि वरवर शहाणपणाचा: अँटेना दिसणारच नाहीत अशा बसवा, पाण्याच्या टाकीच्या आकारात, खोट्या भिंतीमागे. माझ्या मते हे दोन्ही उपाय मालेगावसाठी चुकीचे आहेत. पहिल्याने विज्ञान उलटे होते, दुसऱ्याने विश्वास जातो. या शहराला हव्यात त्या लहान, कमी शक्तीच्या, संख्येने अधिक आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक खांबांवर बसवलेल्या अँटेना. त्या डोळ्यांत खुपू नयेत हे ठीक, पण प्रत्येकीची माहिती मात्र ठळक, मराठीत आणि उर्दूत, त्याच खांबावर असावी.

आधी विज्ञान, कारण भीती तिथली आहे. अँटेनापासूनचे अंतर दुप्पट झाले की लहरींची तीव्रता साधारण चौथाईवर येते. टॉवरवरच्या अँटेना बहुतांश शक्ती समोरच्या दिशेला, किंचित खाली झुकवून सोडतात. त्यामुळे टॉवरच्या अगदी खाली राहणाऱ्याला ज्या माऱ्याची धास्ती वाटते, तो तिथे सहसा नसतोच. मोठ्या टॉवरचा एकेक ट्रान्समीटर दहा-वीस किंवा त्याहून जास्त वॅट शक्तीवर चालतो. खांबावरच्या लहान अँटेनाला काही वॅट पुरतात, कारण तिला शंभर-दोनशे मीटरचाच परिसर सांभाळायचा असतो. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट टॉवरच्या नव्हे, आपल्या हातातल्या फोनच्या बाबतीतली आहे. टॉवर जितका दूर, तितका फोन स्वतःची शक्ती वाढवतो. पलीकडच्या गच्चीवरच्या माणसाशी बोलताना आपणही आवाज चढवतोच. कानाला लावलेला फोन डोक्यापासून काही मिलिमीटरवर असतो, टॉवर कित्येक मीटरवर. शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींचा मोठा वाटा म्हणूनच आपल्याच फोनचा असतो. टॉवर गावाबाहेर घालवला की मालेगावच्या किदवाई रोडवरच्या प्रत्येक खिशातला फोन जास्त जोराने काम करू लागतो. ज्या मुलांच्या काळजीने मोर्चा निघाला, त्यांच्याच कानाशी लहरी वाढतात. विरोध करणाऱ्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच ती योग्य जागी लागायला हवी.

धोक्याची शक्यता शून्य आहे असे कोणीही प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या 2-ब गटात ठेवले. पुरावा मर्यादित आहे, शंका पूर्ण मिटलेली नाही, असा त्या गटाचा अर्थ. त्यानंतर संशोधन थांबले नाही. आरोग्य संघटनेच्याच पुढाकाराने झालेला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा आढावा सांगतो की मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध दिसत नाही. भारताने तरी सावधगिरीची बाजू घेतली. 1 सप्टेंबर 2012 पासून आपल्याकडची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे. 900 मेगाहर्ट्झला जिथे चौरस मीटरला साडेचार वॅट चालतात, तिथे भारतात 0.45 वॅट. नियम कडक आहे. तो पाळला जातो की नाही, हे मालेगावच्या रहिवाशाला कसे कळणार, हा खरा प्रश्न आहे.

न्यायालयांनी टॉवरच्या वादाचा अर्धाच भाग सोडवला आहे. राजस्थान उच्च न्यायालयाने 2012 मध्ये शाळा आणि रुग्णालयांजवळचे टॉवर हटवायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये ग्वाल्हेरमधला एक टॉवर एका रहिवाशाच्या तक्रारीवरून बंद करायला लावला. महाराष्ट्रात मात्र कल उलट आहे. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने लोकांच्या तक्रारींवरून टॉवरचे काम थांबवण्याचा ठराव केला होता. 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला, कारण टॉवरच्या लहरींनी कर्करोग होतो असे दाखवणारा वैज्ञानिक आधार पुढे आला नव्हता. कायद्याच्या दृष्टीने निकाल योग्यच. पण चिखलहोळच्या लोकांचे मन त्या निकालाने वळले असेल, असे मला वाटत नाही. ठराव रद्द झाला, भीती तशीच राहिली. कोर्टात हरलेली भीती पुढच्या वेळी निवेदन घेऊन येत नाही, रात्री केबल कापायला येते.

लपवलेल्या अँटेनांना माझा विरोध आहे तो इथेच. जगात ही कला जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये 1996 मध्येच ताडाच्या झाडाच्या रूपातला टॉवर उभा राहिला. इंग्लंडमध्ये 2018 मध्ये सरकार आणि चर्च ऑफ इंग्लंड यांच्यात चर्चचे मनोरे अँटेनांसाठी वापरण्याचा करार झाला. समुद्रकाठच्या पर्यटनाच्या गावात, आपल्या कोकणात किंवा गोव्यात, माडांच्या रांगेत एक खोटा माड खपून जाईल. तिथे दृश्य हीच संपत्ती आहे. मालेगावातही एक जागा अशी आहे. नारोशंकर राजेबहाद्दर यांनी अठराव्या शतकात बांधलेला, 1818 मध्ये इंग्रजांना महागात पडलेला भुईकोट किल्ला. त्याच्या तटाच्या रेषेवर लोखंडी मनोरा दिसता कामा नये, आणि तिथे अँटेना झाकायला माझी हरकत नाही. पण राहत्या वस्तीत खोट्या पाण्याच्या टाकीत अँटेना ठेवली, तर ती गोष्ट फार दिवस लपत नाही. बसवणारा मजूर त्याच गल्लीतला असतो. ज्या दिवशी कळते त्या दिवशी शेजारी एकच निष्कर्ष काढतो: काहीतरी वाईट होते, म्हणूनच लपवले. त्यानंतर किती मोजमापे दाखवली तरी व्यर्थ.

अविश्वासाची किंमत काय असते, हे मालेगावला कोणी सांगायला नको. 2020 च्या एप्रिल-मे महिन्यांत हे शहर करोनाचे राज्यातले मोठे केंद्र होते, आणि अशा भीतीतच अफवा फोफावतात. त्याच एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये 5-जीमुळे करोना पसरतो या अफवेने टॉवर जाळले जात होते. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तीच अफवा आपल्याकडे आली आणि मे महिन्यात दूरसंचार विभागाला खुलासा करावा लागला, की देशात अजून 5-जी सुरूच झालेले नाही. ती सेवा आली 1 ऑक्टोबर 2022 ला. अफवेला पुराव्याची गरज नसते, माहितीची पोकळी पुरते. दिल्लीहून निघालेला इंग्रजी खुलासा मालेगावच्या इस्लामपुऱ्यातली पोकळी भरू शकत नाही. गल्लीतला डॉक्टर, शिक्षक, कारखान्याचा मालक यांच्या तोंडून आणि लोकांच्या भाषेत आलेली माहितीच ती भरते.

दूरसंचार विभागाने 2017 मध्ये ‘तरंग संचार’ हे संकेतस्थळ सुरू केले. आपल्या परिसरातला टॉवर नियमात आहे का, हे त्यावर बघता येते, आणि चार हजार रुपये शुल्क भरले तर घराजवळचे प्रत्यक्ष मोजमापही करून मिळते. व्यवस्था चांगली आहे. पण यंत्रमागावर बारा-बारा तास उभा राहणारा कामगार चार हजार रुपये भरून लहरी मोजून घेईल, ही अपेक्षा कोणी करू नये. हे शुल्क महापालिकेने भरावे. दर वर्षी प्रत्येक प्रभागातल्या काही जागा नगरसेवकांनी आणि मोहल्ल्यातल्या लोकांनी निवडाव्यात, मोजमाप त्यांच्यासमोर व्हावे आणि आकडा मर्यादेच्या आकड्याशेजारी फलकावर लागावा. शहराच्या अर्थसंकल्पात हा खर्च दिसणारही नाही इतका लहान आहे.

लहरींच्या भीतीत टॉवरचे खरे त्रास मागे पडतात, याचेही मला वाईट वाटते. जुन्या बांधकामाच्या गच्चीवर काही टन लोखंड, बॅटऱ्या आणि वाऱ्याचा ताण येतो. ती इमारत हे ओझे पेलेल का, हा प्रश्न कर्करोगाच्या प्रश्नापेक्षा जास्त तातडीचा आहे. केंद्राच्या 2022 च्या नियमदुरुस्तीने खासगी जागेवरच्या टॉवरसाठी स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीची अट काढली. आगाऊ सूचना आणि इमारत मजबूत असल्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला पुरेसा ठरवला. हा दाखला कागदावरच राहतो की कोणी जिना चढून बघतो? वीज गेली की जनरेटर सुरू होतो, त्याचा धूर शेजारच्या खिडकीत जातो. आणि ‘तुमच्या गच्चीवर टॉवर बसवा, लाखो रुपये भाडे मिळवा’ म्हणून आगाऊ पैसे उकळणाऱ्या टोळ्यांनी किती घरे लुबाडली! दूरसंचार नियामक प्राधिकरण असे कोणतेही ना-हरकत पत्र देत नाही, हे ते वारंवार सांगते. जागा ठरवण्याचा व्यवहार बंद दाराआड चालतो, म्हणूनच या फसवणुकीला वाव मिळतो.

खांबांवरच्या लहान अँटेनांनी यातले बरेच सुटते. गच्चीवर ओझे नाही, मोठा जनरेटर नाही, एकाच घरमालकाला भाडे आणि बाकी गल्लीला मनस्ताप ही विषमता नाही. 5-जीचा जो मुख्य पट्टा आपल्याकडे वापरला जातो, तो 3300 मेगाहर्ट्झच्या वरचा. त्याच्या लहरी जुन्या 900 मेगाहर्ट्झपेक्षा कमी अंतर जातात आणि भिंतींत लवकर अडकतात. त्यामुळे अँटेना जवळ आणणे हे पुढे-मागे अटळच आहे. त्या कुठे बसाव्यात हे शहराने ठरवायचे की कंपन्यांनी, एवढेच बाकी आहे. केंद्राच्या नियमांनी रस्त्यावरच्या खांबांचा मार्ग मोकळा केला आहे. शहरी भागात एका खांबामागे वर्षाला तीनशे रुपये, असा दर 2022 मध्ये ठरला. हजार खांब दिले तरी वर्षाला तीन लाखच होतात, तेव्हा महापालिकेने यात कमाई शोधू नये. महसुलाचा मार्ग वेगळा आहे: टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये गुजरातच्या प्रकरणात मान्य केले. कर आकारायचा तर टॉवरांची नोंद ठेवावीच लागते, आणि ती नोंद असेल तर शहराचा अँटेना-नकाशा करणे अवघड नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो क्षमतेचा. जी महापालिका पथदिवे नीट सांभाळू शकत नाही, ती अँटेना काय सांभाळणार? आक्षेप रास्त आहे. शिवाय मालेगावात विजेचे वितरण 2020 पासून महावितरणने नेमलेल्या खासगी फ्रँचायझीकडे आहे. म्हणजे खांब कोणाचा, वीज कोणाची आणि अपघात झाला तर जबाबदारी कोणाची, हे आधी लेखी ठरवावे लागेल. गंजलेल्या, झुकलेल्या खांबावर अँटेना चढवणे म्हणजे नवा धोका. पण नेमक्या याच कारणाने सुरुवात मोजक्या रस्त्यांवर करता येईल: मोसम पूल, कॅम्प रोड, संगमेश्वर आणि जुन्या वस्तीतला एखादा मोहल्ला. अँटेना हवी असेल तर कंपनीने तो खांब बदलून द्यावा, अशी मागणी महापालिका करू शकते. त्यातून गल्लीला निदान एक सरळ, उजेड देणारा खांब मिळेल.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. टॉवर निदान पाच मजले वर होता, तुम्ही तर अँटेना आमच्या खिडकीसमोर आणता! याचे उत्तर शक्तीच्या आकड्यात आहे, पण आकडा सांगून भागणार नाही. लहान अँटेनाही खिडकीला खेटून नको. तिच्या तोंडासमोर किती अंतर मोकळे हवे हे तांत्रिक निकषांनी ठरते, आणि ते फलकावर लिहिले पाहिजे. अरुंद गल्लीत तेवढे अंतर मिळत नसेल तर ती अँटेना चौकात जावी. शाळा आणि रुग्णालयांच्या इमारतींबाबत मी पालकांच्या बाजूने आहे. विज्ञान तसे सांगते म्हणून नव्हे, तर तिथल्या लोकांची संमती नसताना काही लादू नये म्हणून. शाळेच्या छतावर नको, हे मान्य करू. शाळेच्या परिसरातच नको, असे म्हटले तर मुलांच्या हातातले फोन जास्त शक्तीवर चालतील, हेही त्याच बैठकीत पालकांपुढे मांडले पाहिजे.

राहिले ते आज गच्च्यांवर उभे असलेले टॉवर. ते एका आदेशाने पाडता येणार नाहीत, आणि पाडले तर अर्धे शहर संपर्काबाहेर जाईल. त्यांचे भाडेकरार मात्र कायमचे नसतात. प्रत्येक नूतनीकरणाच्या आधी इमारतीची नव्याने तपासणी व्हावी, तिचा अहवाल प्रभाग कार्यालयात कोणालाही बघायला मिळावा, आणि त्या गल्लीतले खांब तयार झाले असतील तर तो टॉवर उतरवण्याची मुदत ठरावी. त्यासाठी पहिले काम म्हणजे कोणत्या गच्चीवर कोणाचा टॉवर आहे आणि त्याचा करार कधी संपतो, याची यादी. ती महापालिकेने या वर्षातच दोन्ही भाषांत जाहीर करावी.