मुंबई सहल : यादी मुलांना करू द्या

शनिवार-रविवार राजधानी मुंबई बघायची ठरली की यादी आपण मोठी माणसंच करतो. दोन दिवसांत दहा ठिकाणं! मागच्या सहलीनंतर मी वर्गाला निबंध दिला. बहुतेकांनी लिहिलं, 'बसमधून उतरलो, फोटो काढला, परत बसलो.' चूक मुलांची नव्हती, माझ्या नियोजनाची होती.

म्हणून पालकांनो, शिक्षकांनो, नकाशा मुलांच्या हातात द्या. १८८८ साली पूर्ण झालेली सीएसएमटीची इमारत, हुतात्मा चौक, वस्तुसंग्रहालय आणि गेटवे ऑफ इंडिया, हे सगळं साधारण तीन किलोमीटरच्या आत आहे. एका दिवसात चालत होतं. दुसऱ्या दिवशी लाँचने घारापुरी. जाताना तासभर, येताना तासभर. तिकिटं, डबा, वेळ यांचा हिशेब त्यांनाच मांडू द्या. पावसाळ्यात लाँच बंद असू शकते, हेही त्यांनाच शोधू द्या. गणित-भूगोल त्यातच आला.

आणि हुतात्मा चौकात थांबाच. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला, त्यासाठी लोकांनी प्राण दिले. राजधानी बघून आलेल्या मुलाला ती आपल्याला कशी मिळाली हेच ठाऊक नसेल, तर त्याने पाहिलं तरी काय?